रस्ट कंपायलरपर्यंत एक दुरुस्ती पोहोचवताना

रस्ट या प्रोग्रामिंग भाषेच्या कंपायलरमधील (लिहिलेल्या कोडचे यंत्राला चालवता येईल असे रूपांतर करणाऱ्या प्रणालीतील) एक संथपणा शोधणे, त्याची रीतसर नोंद करणे आणि त्यावरची दुरुस्ती स्वीकारली जाऊन स्टेबल, म्हणजे सर्वांसाठीच्या पक्क्या, आवृत्तीत येईपर्यंत तिचा पाठपुरावा करणे, हे काम मी नोव्हेंबर २०२४ पासून मे २०२५ पर्यंत नोकरी सांभाळून केले. बदललेल्या ओळी जेमतेम वीसेक आहेत आणि त्यांत संगणकशास्त्राची कोणतीही करामत नाही. तरीही सविस्तर लिहीत आहे, कारण सुरुवातीला मला जे प्रश्न पडले होते त्यांची उत्तरे एका जागी कुठे मिळाली नव्हती. प्रकल्पाची अधिकृत मार्गदर्शिका अतिशय चांगली आहे आणि कोणती आज्ञा कधी द्यायची ते ती नीट सांगते. परंतु प्रत्येक टप्प्यावर किती थांबावे लागते, घरच्या यंत्रावर किती ताण येतो, नोकरी करणाऱ्याने कोणाची परवानगी घ्यायची असते आणि आठवडाभर उत्तर आले नाही तर त्याचा काय अर्थ घ्यायचा, या गोष्टी प्रत्यक्ष गेल्याशिवाय कळत नाहीत.

माझा एक हौशी प्रकल्प आहे. मराठी शब्दरूपांवरून मूळ शब्द काढण्याचा, म्हणजे ‘घराण्यांमध्ये’वरून ‘घराणे’पर्यंत पोहोचण्याचा तो प्रयत्न आहे. नियमांत न बसणाऱ्या रूपांची यादी मी एका छोट्या स्क्रिप्टने रस्टच्या ‘मॅच’ रचनेत (एका मूल्याची एकेका शक्यतेशी तुलना करून जुळेल त्या शाखेचे काम करणाऱ्या रचनेत) रूपांतरित करून घेत असे. म्हणजे एकच फंक्शन आणि त्यात वीस हजारांच्या आसपास शाखा. ही पद्धत देखणी नाही हे मान्य आहे, पण ती वर्षभर विनातक्रार चालली होती. नोव्हेंबरमध्ये मी बऱ्याच महिन्यांनी टूलचेन (कंपायलर व त्याच्या सोबतची साधने) अद्ययावत केली आणि जे संकलन, म्हणजे कंपायलरने कोडचे रूपांतर करण्याचे काम, मिनिटाभरात होत असे त्याला दहा मिनिटांहून अधिक वेळ लागू लागला.

अशा वेळी संशय आधी आपल्याच कोडवर घ्यावा. रस्टअप या साधनामुळे जुन्या आणि नव्या आवृत्त्या एकाच यंत्रावर शेजारी शेजारी ठेवता येतात आणि ‘कार्गो’ या रस्टच्या बांधणी-साधनाच्या नावापुढे अधिकचे चिन्ह व आवृत्तीचा क्रमांक लिहून हवी ती आवृत्ती वापरता येते. तेच कोड, तीच लॉक फाइल (वापरलेल्या बाहेरच्या कोडच्या आवृत्त्या पक्क्या करणारी), पण दोन वेगळ्या टार्गेट डिरेक्टरी (संकलनाचे निष्कर्ष साठवण्याच्या जागा), अशी तुलना केली तेव्हा फरक कंपायलरच्या आवृत्तीचाच होता हे स्पष्ट झाले. टार्गेट डिरेक्टरी वेगळी ठेवणे महत्त्वाचे आहे, नाहीतर आधीच्या संकलनातले साठवलेले निष्कर्ष मध्ये येतात आणि आकडे निरर्थक ठरतात. त्यानंतर ‘कार्गो बिल्ड’ऐवजी ‘कार्गो चेक’ चालवून पाहिले. चेकमध्ये यंत्रसंकेत तयार करण्याचा टप्पा, म्हणजे एलएलव्हीएमचे काम, होतच नाही. तेही तितकेच संथ निघाले, म्हणजे दोष एलएलव्हीएममध्ये नसून रस्टच्या स्वतःच्या विश्लेषणाच्या टप्प्यात होता. ही एक चाचणी दोन मिनिटांची आहे, पण तिच्यामुळे शोधाचे अर्धे क्षेत्र बाद होते.

नेमका टप्पा शोधण्यासाठी नाइटली, म्हणजे रोज निघणाऱ्या प्रायोगिक, आवृत्तीतील ‘सेल्फ-प्रोफाइल’ हा पर्याय वापरला. कंपायलरने कोणत्या अंतर्गत कामावर किती वेळ घालवला याची नोंद त्यातून एका फाइलमध्ये मिळते आणि ‘समराइझ’ नावाचे साधन त्या फाइलचा तक्ता करून देते. तक्त्यात एकाच ओळीने जवळजवळ सगळा वेळ व्यापलेला दिसला. मला त्या क्षणी त्या ओळीचा अर्थ कळला नव्हता. परंतु नोंद करताना हा तक्ता जोडल्यामुळे पुढच्या लोकांचा बराच वेळ वाचला, असे नंतर लक्षात आले.

डिसेंबरचे पहिले दोन आठवडे उदाहरण लहान करण्यात गेले. या कामाला प्रकल्पात फार महत्त्व आहे: दोष दाखवणारे किमान कोड, ज्याला कोणत्याही बाहेरच्या क्रेटची (रस्टमधील कोडच्या संचाची) गरज नाही आणि जे एका फाइलमध्ये मावते. माझ्या बाबतीत एक उपप्रश्न होता. सगळे शब्द देवनागरीत होते, आणि यूटीएफ-८ मध्ये देवनागरीचे प्रत्येक चिन्ह तीन बाइट घेते. तेव्हा दोष लिपीचा आहे की संख्येचा? शब्दांऐवजी ‘a1’, ‘a2’ अशा क्रमाने रोमन अक्षरांतील निरर्थक शब्द टाकले तरी संथपणा तसाच राहिला. लिपी निर्दोष ठरली. (रस्टमध्ये जून २०२१ च्या १.५३ आवृत्तीपासून चलांची नावेही देवनागरीत देता येतात; मात्र नावांत झीरो विड्थ जॉइनर चालत नाही, त्यामुळे ‘ऱ्या’ त्या चिन्हाच्या आधाराने टाइप करणाऱ्यांनी सांभाळावे.)

नंतर शाखांची संख्या दुपटीने वाढवत वेळ मोजत गेले. संख्या दुप्पट केली की वेळ चौपट होत होता. वीस हजार शाखांसाठी प्रत्येक शाखेची आधीच्या सगळ्या शाखांशी तुलना होत असेल तर एकूण तुलना वीस कोटी होतात. वर्गात नवा विद्यार्थी आला की त्याचे नाव आधी नोंदवले आहे का हे पाहण्यासाठी हजेरीपट पहिल्या पानापासून वाचायचा, असाच हा प्रकार. तीस मुलांच्या वर्गात तो कोणाच्या लक्षातही येत नाही. हे दाखवणारी दहा ओळींची स्क्रिप्ट आणि मोजलेल्या वेळांचा तक्ता हाच माझ्या तक्रारीचा गाभा ठरला.

पुढची पायरी दोष नेमका कधी शिरला हे ठरवण्याची. त्यासाठी ‘कार्गो-बायसेक्ट-रस्टसी’ हे साधन आहे. दोन तारखा दिल्या की ते मधल्या नाइटली आवृत्त्या उतरवून घेत, दर वेळी अंतर निम्मे करत, दोषाच्या तारखेपर्यंत पोहोचते. कंपायलर कोसळत नसून फक्त संथ होत असेल तर त्यातील टाइमआउटचा पर्याय वापरावा: अमुक सेकंदांत संकलन झाले नाही तर ती आवृत्ती सदोष धरायची. मर्यादा ठरवताना थोडे औदार्य ठेवावे, कारण त्याच वेळी यंत्रावर दुसरे काही चालू असेल तर चांगली आवृत्तीही सदोष ठरते. मी रात्री बाकी सगळे बंद करून हे काम लावले. प्रत्येक आवृत्ती उतरवताना शंभर एमबीहून अधिक डेटा लागतो, त्यामुळे मोबाइलच्या हॉटस्पॉटवर हा उद्योग करू नये.

येथे एक मर्यादा आड आली. प्रत्येक मर्जनंतर, म्हणजे बदल मुख्य कोडमध्ये सामील झाल्यावर, तयार होणारे कंपायलर सुमारे साडेपाच महिनेच साठवून ठेवले जातात. त्या मुदतीतला दोष असेल तर साधन थेट त्या एका बदलापर्यंत नेते. दोष त्याहून जुना असेल तर फक्त एका दिवसाच्या नाइटलीपर्यंत पोहोचता येते. माझा दोष जुना होता. मला दोन लगतच्या तारखा मिळाल्या आणि त्या दिवसात मर्ज झालेल्या बदलांची एक यादी. त्यातही काही मर्ज ‘रोलअप’ असतात, म्हणजे अनेक लहान बदल एकत्र बांधून एकदमच तपासलेले. ती यादी वाचून, मॅचशी संबंधित दिसणारे बदल वेगळे काढून, ‘यांपैकी एक असावा’ एवढेच मी नोंदीत लिहिले. हे पुरेसे होते. खात्री नसताना एखाद्याच्या बदलाकडे बोट दाखवण्यापेक्षा तारखांचा पट्टा देणे केव्हाही चांगले.

डिसेंबरच्या तिसऱ्या आठवड्यात इश्यू, म्हणजे दोषाची जाहीर नोंद, नोंदवला. नोंद करण्यापूर्वी आधीच्या नोंदींत शोध घेणे आवश्यक असते आणि ते कंटाळवाणे आहे, कारण मॅचच्या संथपणाबद्दल अनेक जुन्या नोंदी आहेत व त्यांतल्या काही दिसायला अगदी आपल्यासारख्या असतात. मी अशा दोन नोंदींचा उल्लेख करून त्या वेगळ्या का वाटतात ते एकेका वाक्यात लिहिले. नोंद पाठवण्याचे बटण दाबण्याआधी मी बराच वेळ तशीच बसून होते हे सांगायला हरकत नाही. जगभरातले अनुभवी लोक वाचतील, इंग्रजी चुकेल, कोणी म्हणेल की वीस हजार शाखा लिहितेच कोण. प्रत्यक्षात दुसऱ्या दिवशी सकाळी पाहिले तर कोणीतरी लेबले लावली होती, कंपायलर टीमच्या रांगेत नोंद टाकली होती, प्राधान्य ‘मध्यम’ ठरवले होते आणि माझी स्क्रिप्ट आपल्या यंत्रावर चालवून दुजोराही दिला होता. वीस हजार शाखांबद्दल कोणी काही म्हटले नाही; यंत्राने लिहिलेले कोड प्रचंड असते हे तिथे सर्वांना ठाऊक आहे.

त्याच चर्चेत एका अनुभवी सदस्याने संशयित फाइलचे नाव दिले आणि हे काम नवख्या व्यक्तीला करता येईल असेही सुचवले. रस्टबॉट या प्रकल्पाच्या स्वयंचलित मदतनिसाला उद्देशून ‘क्लेम’ असे लिहिले की काम आपल्या नावावर लागते. ते लिहिण्यापूर्वी मात्र मला एक कार्यालयीन अडचण सोडवायची होती, आणि नोकरी करणाऱ्या वाचकांनी हा भाग वगळू नये अशी विनंती आहे.

रस्ट प्रकल्पात योगदान देण्यासाठी कोणताही करारनामा सही करावा लागत नाही. आपले कोड एमआयटी आणि अपाचे २.० या दोन परवान्यांखाली जाते, एवढेच. प्रश्न आपल्या बाजूने असतो. भारतीय कॉपीराइट अधिनियम, १९५७ नुसार संगणक प्रणाली ‘साहित्यकृती’ या व्याख्येत येते आणि कलम १७ (सी) प्रमाणे नोकरीच्या ओघात केलेल्या कृतीचा पहिला मालक, वेगळा करार नसेल तर, नियोक्ता असतो. ‘नोकरीच्या ओघात’ म्हणजे काय यावर वाद होऊ शकतो. शिवाय अनेक नियुक्तिपत्रांत याहून व्यापक कलम घातलेले असते. माझ्या नियुक्तिपत्रात तसे होते. म्हणून मी मनुष्यबळ विभागाला अर्ज केला: प्रकल्पाचे नाव, परवान्यांची नावे, काम स्वतःच्या यंत्रावर व कार्यालयीन वेळेबाहेर होईल याचे आश्वासन, आणि कंपनीच्या कामाशी त्याचा संबंध नाही याचे दोन ओळींत स्पष्टीकरण. अर्ज मनुष्यबळ विभागाकडून विधी सल्लागारांकडे, तेथून माझ्या व्यवस्थापकांकडे आणि परत विधी सल्लागारांकडे असा फिरला. कोणी आडकाठी केली असे नाही; असा अर्ज आधी कोणी केलेला नसल्यामुळे तो कोणी मंजूर करायचा हेच ठरत नव्हते. शेवटी व्यवस्थापक म्हणाले, ‘‘मॅडम, उत्तराचा मसुदा तुम्हीच लिहून द्या, मी सहीसाठी पुढे पाठवतो.’’ तसा दिला आणि जानेवारीच्या तिसऱ्या आठवड्यात लेखी परवानगी हाती आली. ती एका प्रकल्पापुरती न मागता ‘खुल्या परवान्याखालील प्रकल्प’ अशी व्यापक मागावी. मसुदा आपणच लिहिणार असू तर हे सहज साधते.

परवानगीची वाट पाहताना घरच्या यंत्राची तयारी केली. मार्गदर्शिकेत किमान ८ जीबी रॅम आणि ३० जीबी मोकळी जागा असावी असे सांगितले आहे. इतक्यात काम चालते हे खरे, पण गिट या कोडच्या आवृत्त्या सांभाळणाऱ्या साधनातील दोन-तीन शाखांवर (कोडच्या समांतर प्रतींवर) एकाच वेळी काम सुरू झाले की जागा भराभर संपते. माझ्या जुन्या लॅपटॉपला मी आणखी ८ जीबी रॅम आणि एक एसएसडी बसवली. दोन्ही मिळून सात हजार रुपयांच्या आतबाहेर गेले, आणि संपूर्ण प्रक्रियेतला हाच काय तो खरा खर्च. नाशिकच्या आमच्या भागात संध्याकाळी वीज अधूनमधून जाते, त्यामुळे लांब चालणारी कामे इन्व्हर्टर भरलेला असताना लावायची सवय लागली.

कंपायलर स्वतः बांधणे हा अनेकांना सर्वांत भीतिदायक वाटणारा भाग आहे. रस्टचा कंपायलर रस्टमध्येच लिहिलेला असल्याने तो बांधायला आधी एक रस्ट कंपायलर लागतो. ‘स्टेज ०’ म्हणजे उतरवून घेतलेली बीटा (स्टेबलच्या आधीची चाचणीची) आवृत्ती. तिने आपल्या बदललेल्या कोडपासून जो कंपायलर बांधला तो ‘स्टेज १’. आणि त्या स्टेज १ ने पुन्हा स्वतःलाच बांधले की ‘स्टेज २’. बहुतेक दुरुस्त्यांना स्टेज १ पुरतो. ‘एक्स सेटअप’ ही आज्ञा दिली की ती आपण कशावर काम करणार ते विचारते. ‘कंपायलर’ हा पर्याय निवडला की एलएलव्हीएम घरी बांधण्याऐवजी तयार स्वरूपात उतरवून घेण्याची व्यवस्था आपोआप होते. ती व्यवस्था सुरू आहे याची खात्री अवश्य करावी. सी++ मध्ये लिहिलेले एलएलव्हीएम साध्या लॅपटॉपवर बांधायला बसले तर सबंध संध्याकाळ त्यातच जाते. पहिले बांधकाम माझ्या यंत्रावर पाऊण तासाहून जास्त चालले. त्यानंतर एका क्रेटमधला बदल तपासायला काही मिनिटे लागत. नुसते डेटा-प्रकारांचे (टाइपचे) दोष पकडायचे असतील तर ‘एक्स चेक’ पुरे.

दोष जिथे होता ती जागा पाहून थोडे हसू आले. शाखांमधील शब्द एकामागून एक पाहत जाणारी एक तपासणी होती; आधी पाहिलेले शब्द ती एका व्हेक्टरमध्ये, म्हणजे साध्या यादीत, ठेवत असे आणि प्रत्येक नव्या शब्दासाठी तो व्हेक्टर सुरुवातीपासून चाळत असे. शिवाय प्रत्येक तुलना निव्वळ अक्षरांची नव्हती, तिच्याभोवती प्रकार पडताळण्याचा व्यापही होता. व्हेक्टरच्या जागी हॅश-संच (ज्यात एखादी नोंद आहे का ते सगळे न चाळता कळते) ठेवला की प्रश्न सुटतो, हे पदवीच्या दुसऱ्या वर्षाचा विद्यार्थीही सांगेल.

परंतु कंपायलरच्या आत साधा हॅश-संच वापरता येत नाही. प्रमाण ग्रंथालयातील हॅशमॅप घेतला की प्रकल्पाचा अंतर्गत लिंट (कोडमधील खटकणाऱ्या गोष्टी पकडणारा नियम) अडवतो आणि एफएक्स या जलद हॅशवर आधारलेला प्रकार वापरायला सांगतो. तो घेऊन पुढे त्यातील घटकांवर लूप चालवला की दुसरा लिंट अडवतो, कारण हॅश-संचातील घटकांचा क्रम निश्चित नसतो. हा दुसरा नियम मला आधी अतिरेकी वाटला. मग त्यामागचा इतिहास वाचला. रस्टचे वाढीव संकलन, म्हणजे बदललेला भागच पुन्हा तपासण्याची सोय, अंतर्गत निष्कर्षांचे ठसे साठवून ठेवते आणि पुढच्या वेळी ते जुळतात का ते पाहते. ६ मे २०२१ रोजी आलेल्या १.५२.० आवृत्तीत या ठशांची पडताळणी स्टेबलमध्येही कडक झाली, आणि आधीपासून दडलेले कितीतरी दोष एकदम उघडे पडून लोकांचे संकलन कोसळू लागले. अवघ्या चार दिवसांनी, १० मे रोजी, १.५२.१ काढून वाढीव संकलन मुळातच बंद ठेवावे लागले, ते १.५४ मध्ये पुन्हा सुरू झाले. फेब्रुवारी २०२२ च्या १.५९ मध्ये दुसऱ्या एका दोषापायी ते परत बंद झाले आणि १.६० मध्ये परत आले. वेगासाठी केलेली सोय चुकीचे उत्तर देऊ लागली तर ती सोय सरळ बंद करायची, हा त्या लोकांचा निर्णय मला फार पटला. माझ्या दुरुस्तीत संचावर लूप चालवण्याची गरजच नव्हती, केवळ ‘हा शब्द आधी आला आहे का’ एवढेच विचारायचे होते. त्यामुळे लिंटला शांत करण्याचा प्रश्न आला नाही.

फेब्रुवारीच्या पहिल्या आठवड्यात पुल रिक्वेस्ट, म्हणजे बदल स्वीकारण्याची विनंती, उघडली. वेळेची अशी थेट चाचणी लिहिता येत नाही, कारण तपासणीची यंत्रे कमी-जास्त वेगाची असतात. परंतु बदलामुळे कोणताही इशारा किंवा त्रुटीसंदेश बदललेला नाही हे दाखवणारी एक यूआय चाचणी मी जोडली. यूआय चाचणीत कंपायलरचा छापील संदेश शब्दशः ताडून पाहिला जातो, आणि संदेश मुद्दाम बदलला असेल तर ‘ब्लेस’ पर्यायाने नवा संदेश नोंदवता येतो. पाठवण्यापूर्वी ‘एक्स टेस्ट टायडी’ चालवावे. ओळ शंभर अक्षरांच्या पुढे गेली किंवा शेवटी मोकळी जागा राहिली तरी टायडी नापास करते, आणि एवढ्यासाठी सार्वजनिक तपासणी लाल झालेली पाहणे नको वाटते.

रस्टबॉटने स्वागताचा संदेश लिहून एक रिव्ह्यूअर (बदल तपासणारा) नेमला आणि ‘रिव्ह्यूच्या प्रतीक्षेत’ असे लेबल लावले. त्यानंतर शांतता. या शांततेचा अर्थ लावत बसू नये, असे आज सांगता येते. तेव्हा मात्र मी दिवसातून कितीदा पान उघडत असे याला सुमार नव्हता. रिव्ह्यू करणारे बरेच जण हे काम आपापल्या मोकळ्या वेळात करतात. दोनेक आठवडे काहीच झाले नाही तर नम्रपणे आठवण करावी, आणि तरीही उत्तर नसेल तर ‘आर प्रश्नचिन्ह कंपायलर’ असे लिहून दुसरा रिव्ह्यूअर मागता येतो; हे रीतीला धरूनच आहे, कोणी रागावत नाही. मला आठवण करण्याची वेळ आली नाही. फेब्रुवारीच्या मध्यावर उत्तर आले, आणि त्यात पहिलीच गोष्ट अशी होती की कार्यक्षमतेची तपासणी झाल्याखेरीज हा बदल पुढे जाणार नाही.

ही तपासणी सुरू करण्याचा अधिकार नवख्यांना नसतो. रिव्ह्यूअरने बॉर्स (चाचण्या घेऊन बदल मर्ज करणारा) आणि रस्ट-टायमर (वेग मोजणारा) या दोन बॉटना उद्देशून एक ओळ लिहिली. आधी माझ्या बदलासह कंपायलर पूर्ण बांधला जातो, मग राखून ठेवलेल्या यंत्रावर ठरावीक कार्यक्रमांचा संच त्याने संकलित केला जातो आणि निकाल आधीच्या कंपायलरशी ताडला जातो. दोन्ही मिळून काही तास लागतात. मी रात्री झोपले आणि सकाळी निकाल पाहिला. संचात दोन गट असतात: सिन, रेजेक्स, रिपग्रेप यांसारखे प्रत्यक्ष वापरातले कोड हा प्राथमिक गट, आणि ‘मॅच-स्ट्रेस’सारखी मुद्दाम ताण देणारी कृत्रिम उदाहरणे हा दुय्यम गट. प्रत्येकाचे संकलन चेक, डीबग, ऑप्ट अशा निरनिराळ्या प्रकारे, तसेच कोरे व वाढीव अशा दोन्ही रीतींनी मोजले जाते. मुख्य माप घड्याळातल्या वेळेचे नसून प्रोसेसरने पार पाडलेल्या आज्ञांच्या संख्येचे असते, कारण घड्याळ प्रत्येक फेरीत थोडे वेगळे बोलते, आज्ञांची संख्या बरीच स्थिर राहते.

निकाल अपेक्षेसारखा नव्हता. मोठ्या मॅचमध्ये सुधारणा होती, पण काही अगदी सामान्य क्रेटमध्ये आज्ञांची संख्या किंचित वाढली होती. वाढ अर्ध्या टक्क्याहून कमीच, तरी लाल रंगात. रिव्ह्यूअरने कारण एका ओळीत सांगितले: बहुतेक मॅचमध्ये तीन-चार शाखा असतात, आणि तेवढ्यासाठी हॅश-संच उभा करणे हे लहानसा व्हेक्टर चाळण्यापेक्षा महाग पडते. वीस हजार शाखांचे कोड जगात विरळा; चार शाखांचे कोड सगळीकडे. माझ्या एका प्रकल्पासाठी बाकी सर्वांनी शतांश का होईना पण मोल द्यावे, असे मलाही म्हणता आले नसते.

यावर उपाय त्यांच्याकडे तयार होता. कंपायलरच्या अंतर्गत डेटा-रचनांत ‘एसएसओ हॅशसेट’ नावाचा प्रकार आहे: आठ घटकांपर्यंत तो साध्या अॅरेसारखा वागतो, त्यापुढे गेला की स्वतःहून हॅश-संच होतो. इतरांनाही हाच प्रश्न पूर्वी पडला होता हे उघड आहे. मी प्रकार बदलला, घरी पुन्हा मोजले, दोन कमिट (गिटमध्ये नोंदवलेले बदल) एकत्र करून एक केला आणि माझी गिटमधली शाखा रिबेस केली, म्हणजे मुख्य शाखेच्या ताज्या टोकावर आणून ठेवली. रस्टमध्ये मर्ज कमिट स्वीकारत नाहीत, तेव्हा गिटमध्ये ‘पुल’ करण्याऐवजी रिबेसची सवय आधीच लावून घ्यावी. बदल पाठवल्यावर रस्टबॉटला ‘रेडी’ असे कळवणे आवश्यक असते. ते कळवले नाही तर लेबल ‘लेखकाच्या प्रतीक्षेत’ असेच राहते, रिव्ह्यूअरच्या यादीत आपले काम दिसत नाही आणि दोन्ही बाजू एकमेकांची वाट पाहत बसतात.

दुसऱ्या मोजणीत प्राथमिक गट जवळजवळ जागचा हलला नव्हता आणि माझे उदाहरण सरळ रेषेत आले होते: शाखा दुप्पट केल्या की वेळ दुप्पट. मार्चच्या दुसऱ्या आठवड्यात रिव्ह्यूअरने मंजुरी दिली आणि सोबत ‘रोलअप कधीही नको’ अशी खूण केली. वेगावर परिणाम करणारे बदल एकेकटे मर्ज करतात, म्हणजे पुढे आलेखात चढउतार दिसला तर तो कोणाचा हे शोधावे लागत नाही. डिसेंबरमध्ये रोलअपची यादी चाळून झालेली असल्याने या खुणेची किंमत मला सांगावी लागली नाही. त्यानंतर बॉर्सची रांग. प्रत्येक बदल मुख्य शाखेवर जाण्यापूर्वी कितीतरी प्रणालींवर संपूर्ण चाचण्यांतून जातो आणि यात काही तास जातात. माझ्या वेळी एका प्रणालीवरची तपासणी जोडणी तुटल्यामुळे अर्ध्यातच थांबली. लाल खूण पाहून पोटात गोळा आला. तोवर कोणीतरी ‘रीट्राय’ लिहून ती पुन्हा रांगेत लावलीही होती. होळीच्या आदल्या रात्री मर्ज झाले.

मर्ज झाले म्हणजे लगेच सर्वांच्या हाती पडले असे नाही. पुढच्या नाइटलीत बदल आला आणि मी माझा मूळ प्रकल्प तिच्यावर संकलित करून पाहिला: पुन्हा मिनिटभर. बीटामध्ये बॅकपोर्ट करण्याची, म्हणजे दुरुस्ती आधीच वेगळ्या झालेल्या आवृत्तीतही घालण्याची, एक वाट असते, तीत कंपायलर टीम साप्ताहिक बैठकीत निर्णय घेते. पण ती मुख्यतः ताज्या आणि घातक दोषांसाठी आहे. माझा दोष जुना, उत्तर न चुकवणारा आणि फार थोड्यांना जाणवणारा असल्याने मी त्याची मागणी केली नाही. रस्टच्या आवृत्त्या दर सहा आठवड्यांनी निघतात: मुख्य शाखेतून बीटा, बीटातून सहा आठवड्यांनी स्टेबल. ३ एप्रिल २०२५ रोजी १.८६ स्टेबल झाली आणि त्याच सुमारास माझा बदल असलेली १.८७ बीटात गेली.

या मधल्या काळात मी प्रकल्पासाठी पर्यायी व्यवस्था केली होती, आणि अशाच अडचणीत असलेल्यांनी दुरुस्तीची वाट न पाहता तीच करावी. एक तर ‘रस्ट-टूलचेन’ फाइलमध्ये जुनी आवृत्ती पक्की करून ठेवता येते. परंतु त्याने सुरक्षेच्या दुरुस्त्यांनाही मुकावे लागते, म्हणून तो तात्पुरताच इलाज. दुसरा, आणि खरे तर आधीपासूनच योग्य असलेला मार्ग म्हणजे शब्दयादी कोडमध्ये न ठेवता क्रमवार लावलेल्या स्थिर अॅरेत ठेवून द्विभाजन शोध घेणे, किंवा वेगळी फाइल करून ती बाइटच्या स्वरूपात समाविष्ट करणे. मी अॅरे केला. संकलनाचा वेळ काही सेकंदांवर आला, म्हणजे ज्या दुरुस्तीसाठी एवढे केले तिची माझ्या स्वतःच्या प्रकल्पाला आता गरज उरलेली नाही. यंत्राने लिहिलेले प्रचंड मॅच वापरणारे इतरही आहेत, आणि नोंदीखाली नंतर आलेल्या प्रतिक्रियांवरून त्यांच्यातल्या काहींचा वेळ वाचला असे दिसते.

१.८७ ही आवृत्ती १५ मे २०२५ रोजी, म्हणजे रस्ट १.० ला बरोबर दहा वर्षे झाली त्या दिवशी, नेदरलंड्समधील उट्रेख्ट येथे समारंभात जाहीर झाली. हा योगायोग, पण मला गंमत वाटली. आवृत्तीच्या टिपणांत माझ्या बदलाचा उल्लेख नाही. अशा लहानसहान सुधारणा तेथे सहसा येत नाहीत. योगदान देणाऱ्यांच्या नावांची वेगळी यादी प्रकल्प प्रत्येक आवृत्तीसाठी प्रसिद्ध करतो, ती आईला दाखवली. तिने नाव बरोबर लिहिले आहे ना, एवढे तपासले.

जाता जाता दोन व्यावहारिक गोष्टी. काम संपल्यावर बिल्ड डिरेक्टरी पुसायला विसरू नये. माझ्या एसएसडीवर तिने पन्नास जीबीच्या वर जागा अडवली होती. आणि ज्यांना कंपायलर बांधण्याइतके यंत्र किंवा वेळ नाही, त्यांनी ‘किमान उदाहरण हवे’ आणि ‘बायसेक्शन हवे’ अशी लेबले लावलेल्या नोंदी पाहाव्यात. त्यांना रस्टअप, बायसेक्टचे साधन आणि एक निवांत संध्याकाळ एवढेच पुरते. सध्या मी त्यांतलीच एक घेतली आहे. प्रोसीजरल मॅक्रोचा (कोड तयार करणाऱ्या कोडचा) काही तरी घोळ आहे, आणि उदाहरण अजून चारशे ओळींच्या खाली आलेले नाही.